चार बोटांची उसवण

दुपारच्या जेवणानंतर झोपणे मला मान्य नाही. म्हणून प्रारंभीच नमूद करतो की मी झोपलेलो नाही. मी केवळ डोळे मिटले आहेत. माझा थोरला भाऊ सिद्राम ज्या मागावर आयुष्यभर घोंगड्या विणत बसला, त्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मी बसलो आहे, कारण या घरात एवढीच जागा थंड आहे. समोर त्याची अर्धी राहिलेली काळी घोंगडी ताणलेली आहे, तिच्यावर माझा कागद आहे, आणि माझ्या मनात संताप आहे.

संताप सकारण आहे. आठ महिन्यांपूर्वी सिद्राम याच जागी, याच घोंगडीवर डोके टेकून गेला. आज चार वाजता शहरातल्या एका नव्या संग्रहालयाची माणसे हा माग घोंगडीसकट उचलून नेणार आहेत. त्याच्याविषयी मी तीनशे बारा शब्दांचा मजकूर लिहिला, प्रत्येक वाक्य तोलून. संग्रहालयाच्या बाईंनी फोनवरून कळवले की फलकावर चाळीसच शब्द मावतात, आणि वर आज्ञा केली, "मागावरची धूळ मात्र पुसू नका हं, छान दिसते ती." धूळ छान दिसते! जो माणूस रोज सकाळी बसण्यापूर्वी माग झाडून घेई, त्याच्या मागावरची धूळ! शब्द मी कापले; परंतु एक वाक्य कापू दिले नाही. ते मी मिटल्या डोळ्यांनीच पुन्हा वाचतो: विणता विणता मृत्यूने त्याचा हात धरला, आणि घोंगडी तिथेच थांबली.

"खोटं हाय ते. आन् जरा सरक तिकडं."

खड्डा एका माणसापुरता आहे, तरी मी सरकतो आणि सिद्राम शेजारी मावतो. त्याच्या अंगाला धाग्यांना लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास येतो. तो मेलेला आहे हे मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. त्याविषयी वाद नाही. वाद वाक्याविषयी आहे.

"दादा, तुला वाचता येत नाही."

"तू पुटपुटतोस की. ल्हानपनापासनं पुटपुटतोस."

"मग खोटे काय आहे तेवढे सांग."

तो पायांनी काहीतरी चाचपडतो. "धाकल्या, पायाखालच्या पावड्या कुठं गेल्या?" मी खाली पाहतो. खड्डा नाही. पांढरी, चकचकीत फरशी आहे, आणि तिच्यावर सिद्राम गुडघे पोटाशी घेऊन बसला आहे. वर दिवे आहेत. मागाभोवती तांबडी दोरी बांधली आहे आणि दोरीपलीकडून चांगल्या कपड्यांतली माणसे हळू चालीने जात आहेत.

"माग आनला आन् खड्डा घरीच ठिवला व्हय रं?" तो विचारतो. "आता पाय कुठं सोडू?"

"खड्डा उचलून आणता येत नाही."

"मग माग तरी कशाला आनला?"

याला उत्तर मी तयार करीत असतानाच चष्मा लावलेला एक गृहस्थ माझे वाक्य मोठ्याने वाचतो आणि उसासा टाकतो. मला, खरे सांगायचे तर, बरे वाटते. सिद्राम भडकतो.

"उसासं कसलं टाकतोय त्यो? हिकडं बघ म्हनावं!" आणि तो घोंगडीवर बोट ठेवतो. मागून दिव्याचा उजेड येतो आहे, आणि दाट काळ्या विणीतून केसाएवढी एक सरळ रेघ चमकते आहे. "ताण्याचा उभा धागा तुटलेला. डोळ्यांत सारा पडलाय, समदं धुरकट, दिसला न्हाई. वीतभर इनून झाल्यावर बोटाला फट लागली. मग बसलो उसवत. चार बोटं उसवायची ऱ्हायली, तवर..." तो हात झटकतो.

"म्हणजे तू शेवटी विणत नव्हतास?"

"उसवत हुतो."

"याला पुरावा?"

"मास्तर हाईस न्हवं?" तो घोंगडीच्या कडेला लोंबणारा बाण्याचा, म्हणजे आडव्या विणीचा, धागा माझ्या हातात देतो. धागा नागमोडी आहे. विणीत बसून उठलेल्या धाग्यालाच अशी नागमोड राहते, नवा धागा सरळ असतो, हे घोंगड्या विणणाऱ्या सणगराच्या घरातले पोरही जाणते. चाळीस वर्षे मी मुलांना बारकाईने वाचायला शिकवले. हा धागा आठ महिने माझ्यासमोर लोंबत होता.

तथापि चूक मान्य करणे आणि वाद सोडणे या भिन्न गोष्टी आहेत. "एका धाग्याची फट!" मी म्हणतो. "ती कोणाला कळणार आहे?"

"वाऱ्याला कळती. मेंढरामागं रानात बसल्याला मानूस त्या फटीतनं काकडतो."

"ही घोंगडी कोणी पांघरणार नाही, दादा. ती इथेच राहणार आहे."

"पांघरनार न्हाई? मग मी रागवू कुनावर, त्यांच्यावर का तुझ्यावर?"

फरशीवर आता छापलेले कागद पसरले आहेत, आणि मी ज्या छापखान्यात एकदा भांडलो होतो त्याचे यंत्र भिंतीशी बंद उभे आहे.

"हितंच न्हवं?" सिद्राम म्हणतो. "तुझ्या पुस्तकात एक साल चुकलं म्हनून सगळी छपाई थांबिवलीस. मालक हाता-पाया पडला, तरी ऐकलं न्हाईस. चारचौघांत चूक जाता कामा नये म्हनालास. मी गावभर सांगत सुटलो, आमचा धाकला लई कडक. आन् माझी चूक मातर दिव्याखाली टांगतोस. वर माझं नाव लिवतोस."

आयुष्यात मला प्रतिपक्षी पुष्कळ भेटले. वादात हरवणारा हा एकच. मला त्याचा राग येतो, आणि त्याचे म्हणणे खरे असल्यामुळे अधिक येतो.

"उसव," मी म्हणतो.

खड्डा परत आला आहे. तो पावडी दाबतो, मी धागा ओढतो. फेरामागून फेर सुटतो. लोकर सुळसुळते आणि नागमोडी होऊन माझ्या मांडीवर साचते. चौथ्या बोटाशी तुटक्या धाग्याची दोन टोके दिसतात. मी हात पुढे करतो, तो माझ्या मनगटावर चापट मारतो.

"ऱ्हाऊ दे! तुझी गाठ म्हंजे गळू. बानं शिकवून शिकवून हात टेकलं." तो बोटे जिभेला लावतो, टोके एकमेकांत वळतो, आणि त्याचा अंगठा एकदाच...

"भावजी! अवो भावजी!"

दारात वहिनी, सिद्रामची बायको सोनाबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत. बाहेर टेम्पोचा भोंगा वाजतो आहे. "गाडी आली. आन् ह्ये काय उसवून ठिवलंय?"

माझ्या मांडीवर लोकरीचा पुंजका आहे. त्याचे स्पष्टीकरण मी देऊ शकतो: अर्धवट झोपेत हात चालतात. म्हणजे मी झोपलो होतो, तेही मान्य.

"त्यांना सांगा, आज माग मिळणार नाही," मी म्हणतो. "ही घोंगडी पुरी होईल, मेंढरामागे रानात बसणाऱ्या एखाद्याच्या खांद्यावर जाईल, मग रिकामा माग हवा असेल तर या म्हणावे. तोही झाडून, पुसून मिळेल."

"इननार कोन?"

"मी."

"तुमी!" त्या एवढ्या मोठ्याने हसतात की भोंगा थांबतो. "तुमाला साधी गाठ तरी..."

आणि त्या वाकतात. उसवलेल्या कडेशी, जिथे फट सुरू होत होती, तिथे तुटलेला धागा जोडलेला आहे. गाठ इतकी चपटी आहे की डोळ्यांना सापडत नाही. वहिनी तिच्यावर बोट ठेवतात आणि चटकन उचलतात.

"ओली हाय," त्या म्हणतात.