तीन नंबरची जागा

डर्व्हला एका हाताने लापशी ढवळत होती, दुसऱ्या हाताने सासऱ्यांच्या सकाळच्या गोळ्या बशीत काढत होती, तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. तिचा हात थांबला. पुढच्या दाराने कोणी येत नसे. शेजारीपाजारी मागून थेट स्वयंपाकघरात शिरत. पुढचं दार उघडायचं ते पाद्रीबुवांसाठी, नाहीतर घरातून शवपेटी निघताना. दमट हवेने फुगलेलं ते दार तिने जोर लावून ओढलं, तर बाहेर एन्डा मल्व्ही. गावच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक (फुटबॉल म्हणजे इथला आयरिश खेळ, पंधरा-पंधरा जणांचा, चेंडू हातातही धरता येतो तो), तिच्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र. एरवी मागून येऊन पातेल्यात डोकावणारा. आज टोपी काढून हातात धरलेली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"अजून तरी कोणी नाही. मॅलकी आहे का?"

मॅलकी गिलहूली गोठ्यातून येऊन हात धूत होता. दिवसभर पशुखाद्याचा ट्रक चालवायचा, सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या गाई बघायच्या, आणि रविवारी गोलसमोर तीन नंबरच्या जागेवर बचावाला उभं राहायचं, हे त्याचं आयुष्य. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तो तिला मैदानाच्या कडेला बसवून खेळायला उतरला होता. उंच आलेला चेंडू तो झाडावरचं सफरचंद काढावं तसा दोन्ही हातांनी अलगद काढून घेई. हल्ली मात्र त्याला वळायला वेळ लागे. मागच्या सामन्यात समोरच्या एका बुटक्या पोराने त्याला तीनदा चकवून तीन गोल केले. त्या संध्याकाळी तो बूटसुद्धा न काढता चुलीपाशी बसून राहिला.

"चहा नको," एन्डा म्हणाला. तिने तरी ओतला.

"रविवारी हरलो तर खालच्या गटात, मॅलकी. मग पलीकडच्या गावाच्या संघात विलीन करतील आपल्याला. पंधरा माणसं उभी करायला घरोघर फिरतोय मी. पोरं सिडनीला, राहिलेल्यांपैकी एकाचा गुडघा गेला…"

"मला काढतोयस ना? सरळ बोल की."

एन्डाने होकारार्थी मान डोलावली. "तुझ्या जागी कॅहल. उंची नाही, पण पळायला पाय आहेत पोराला."

"बरोबर आहे. मीही तेच केलं असतं."

संपलं, असं डर्व्हलाला वाटलं. पण एन्डाच्या हातातली टोपी अजून फिरतच होती.

"पेपरात संघ छापून येतो, त्यात नाव मात्र तुझंच देतो म्हणतोय. तीन नंबरला. तू आहेस म्हटल्यावर ते उंच चेंडू टाकणार नाहीत. त्यांचा ताडमाड गडी बाहेर बसवतील, मागच्या वेळसारखा एखादा चपळ बुटका पुढे आणतील, चेंडू जमिनीलगत देतील. आणि मैदानात उतरेल कॅहल."

"म्हणजे मी मंद झालोय, यावर तुझी सगळी चाल."

"तसं नाही रे…"

"तसंच आहे. चाल चांगली आहे, एन्डा."

खेळात हे चालतंच. सगळेच संघ करतात. पण शेजारच्या खोलीतून खोकल्याची उबळ आली आणि मागोमाग म्हाताऱ्याचा आवाज, "एन्डा आलाय का? विचारा त्याला, आमचं पोरगं खेळतंय ना?"

सासऱ्यांची, ह्यूबाबांची, छाती या हिवाळ्यात पार गेली होती. डॉक्टरांनी घराबाहेर पाऊल टाकू नका म्हणून बजावलं होतं, आणि म्हाताऱ्याने डॉक्टरांनाच बजावलं होतं की पेपरात मॅलकीचं नाव आलं तर घोंगडीत गुंडाळून का होईना, मला मैदानावर न्यायचं. नेलं असतं तर गाडीची काच खाली करून, त्या वाऱ्यात, शेवटच्या शिट्टीपर्यंत ते तीन नंबरच्या जागेवर मॅलकीला शोधत बसले असते. खरं आधी सांगायचीही सोय नव्हती. बाबांच्या पोटात काही राहत नसे. दुपारपर्यंत फोनवरून सगळ्या पंचक्रोशीला कळलं असतं.

डर्व्हलाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला, खोलीचं दार हळूच ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मला खुशाल काढ, एन्डा. हवं तर पाण्याच्या बाटल्या घेऊन धावतो. फक्त पेपरात माझं नाव देऊ नकोस."