प्रोसेसर कुणी बसवला

नवा मदरबोर्ड खोक्यातून काढला की त्याच्या चंदेरी पिशवीला गरम प्लास्टिकसारखा एक वास येतो, आणि मला दोस्ताची जालन्यातली खोली आठवते. मी टेंभुर्णीचा, घरातला पहिला पदवीधर. तो शहरात वाढलेला, कॉलेजातला माझा एकुलता एक दोस्त. गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडायचा माझा हट्ट होता. कितीतरी व्हिडिओ पाहून मदरबोर्ड मीच निवडला, पुढं रॅम वाढवता यावी म्हणून चार खाचांचा. मस्तगडच्या दुकानातून आणला, पंख्याखाली चादरीवर ठेवला आणि प्रोसेसर उचलला, तेवढ्यात दोस्त म्हणाला, “सरक रे, तुझा हात जड हाय. वखर हाणून राह्यला का?” मी हसलो आणि सरकलो. प्रोसेसर त्यानं बसवला. तिरपा पडला तर अंगठ्यानं दाबला. कॉम्प्युटर सुरूच झाला न्हाई. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं बोर्डाला भिंग लावलं. “प्रोसेसरखालच्या पिना वाकल्यात. आता वॉरंटी गेली. कुणी बसवला प्रोसेसर?” मी दोस्ताकडं पाहिलं, खरं सांगेल असं वाटलं. तो दुकानदाराकडं बघून हसला. “ह्यानंच, काका. खेड्यातला हात, दुसरं काय!” दुकानात सगळेच हसले. मंग मी बोर्ड पिशवीत घातला आणि एकटाच स्टँडवर गेलो. आता ऑफिसातले लोक मला विचारतात, कोणता बोर्ड घेऊ. मी बराबर सांगतो, जोडताना शेजारी उभाही राहतो. प्रोसेसर मात्र ज्याचा त्यानंच बसवायचा, त्याचा हात कितीही जड असला तरी.