पाण्यात उतरेल त्याचा ढीग

आमच्या फुफाजींनी जन्मात कुणाचं काही फुकट घेतलं नाही. आईच्या पोटात होते त्या नऊ महिन्यांचं भाडंही त्यांनी पुढे कधीतरी चुकतं केलं असावं, असा मला दाट संशय आहे. फुफाजी म्हणजे आत्याचे यजमान. आमच्या झाडीपट्टीत असंच म्हणतात. ब्रह्मपुरीपासून सात-आठ मैलांवर तळ्याकाठी आम्हा ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं, गाव आहे. तिथे त्यांची दोन एकर धानाची शेती होती, एक कौलारू घर होतं आणि गावच्या मच्छीमार सोसायटीचं अध्यक्षपद होतं. अंगाने इतके किडकिडीत, की जाळं खांद्यावर घेतलं म्हणजे जाळ्याने त्यांना वाळत घातलंय असं वाटायचं. पण ताठपणा विचारू नका. बिडी ओढणाऱ्या माणसाने एकदा तरी दुसऱ्याकडे काडी मागितलेली असतेच. फुफाजी दोन खिशांत दोन पेट्या बाळगत, एक भिजली तर दुसरी असावी म्हणून. काळीपिवळी जीपमध्ये खिडकीची जागा मिळाली तर अर्ध्या वाटेत ती शेजाऱ्याला देत, कारण वारा सगळ्यांचा. कुणी मोटारसायकलवर मागे बसवलं तर चढ आला की उतरत आणि गाडी मागून ढकलत. चालवणारा नको नको म्हणत राही, पण हे वरपर्यंत ढकलूनच परत बसत. लग्नात आधी एक पंगत वाढल्याशिवाय स्वतः पानावर बसत नसत. मार्कंड्याच्या जत्रेत एकदा महाप्रसादाचा आग्रह झाला, तर नदीवरून दोन हंडे पाणी आणून ओतलं आणि मगच द्रोण हातात घेतला. ब्रह्मपुरीच्या एका डॉक्टरांनी त्यांना खोकल्याच्या चार गोळ्या नमुन्याच्या म्हणून फुकट दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी फुफाजी बादलीत जिवंत मरळ घेऊन दवाखान्यात हजर. डॉक्टर माळकरी होते. तो मासा दुपारपर्यंत तपासणीच्या खोलीत बादलीत फिरत होता आणि पेशंट त्याच्याकडे बघत आपापली दुखणी विसरत होते.

त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं सार एका वाक्यात होतं. "ज्याच्या गळ्यात काटा, त्यानंच खोकलाव." हे वाक्य ते कुठेही लावत, मग ते कुणाचं पोर नापास झालेलं असो की कुणाची सून रुसून गेलेली असो. गंमत अशी, की एका लग्नात खुद्द त्यांच्याच गळ्यात काटा अडकला. खोकून खोकून डोळे पांढरे व्हायची वेळ आली, तेव्हा शेजारी बसलेल्या डोमाजींनी पाठीत असा काही धपाटा घातला की काटा पंगतीच्या पलीकडे जाऊन पडला. डोमाजी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारे आणि सोसायटीत कायमचे विरोधी पक्षात. फुफाजींनी आभार मानले नाहीत, पण हिशेब मनात राहिला. त्यानंतर कित्येक वर्षं डोमाजी मासे खायला बसले की फुफाजी त्यांच्या पाठीमागे येऊन उभे राहत, परतफेडीची संधी शोधत. डोमाजींनी धास्तीने पंगतीत मासे खाणंच सोडलं.

अशा माणसाने माझ्या कर्जाला जामीनदार व्हावं, हे आक्रीतच होतं. माझे वडील गाव सोडून ब्रह्मपुरीला राइस मिलमध्ये हमाली करायला गेले होते आणि तिथेच लवकर वारले. मी बारावी झाल्यावर नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. बँक शिक्षणासाठी कर्ज द्यायला तयार होती, पण जमीन असलेला जामीनदार हवा म्हणाली. आत्या दोन दिवस जेवली नाही, तेव्हा फुफाजी लग्नातलं धोतर नेसून बँकेत आले. त्यांनी फॉर्ममधली बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली, त्यात बँकेची दुपारची जेवणाची सुट्टी आली आणि गेली. मग मॅनेजरसाहेबांना त्यांनी विचारलं, की ही पोरगी पळून गेली तर मला जेल किती दिवसांची. साहेब म्हणाले, जेल नाही, फक्त पैसे भरावे लागतील. फुफाजींना ते जेलपेक्षा वाईट वाटलं, पण सही केली. त्यानंतर दर महिन्याला ते बँकेत जाऊन बाकावर बसू लागले, पाण्याची बाटली घरून घेऊन. कोर्स संपेपर्यंत हप्ता नसतो हे कारकुनाने दहा वेळा सांगूनही त्यांचा विश्वास बसेना. झोपलेलं कर्ज बघायला ते जात, तान्ह्या पोराचा श्वास चाललाय ना हे बघावं तसे.

कोर्स संपला, नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली, हप्ते सुरू झाले आणि दोन-अडीच वर्षं सुरळीत गेले. मग तीन हप्ते चुकले. पहिला चुकला, कारण दवाखान्याने पगार थकवला. दुसरा आईच्या आजारपणात गेला. आणि तिसरा, आता लपवायचं कशाला, मी मोबाइल घेतला. त्या सुमारास शेतीची कर्जं माफ होणार अशी हवा होती. आमच्या होस्टेलवर कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं, की पाठोपाठ शिक्षणाचीही होणार, जी भरेल ती मूर्ख. मला ते ऐकायला फार गोड वाटलं होतं.

बँकेची नोटीस मला आली तशी जामीनदारालाही गेली. पैसे भरले नाहीत तर जामीनदाराकडून वसूल करू, असं त्यात होतं. म्हणजे फुफाजींचे ते दोन एकर. मी रजा काढून ब्रह्मपुरीला आले तर फुफाजी आईसमोर बसलेले, नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत, धोतर लग्नातलंच. मी घाईघाईने माफीची बातमी सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"माफी गुन्हेगाराले देतेत, बाई," ते म्हणाले. "तू कोनता गुन्हा केला? शिकली नं?"

आई रडवेली होऊन म्हणाली, की भाऊजी, तुम्हीच आता भरा, आम्ही मागून देऊ. धान विकून आलेले पैसे त्यांच्याकडे होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फुफाजी बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिले.

"मी आज भरून टाकीन. पन मंग हे पोरगी जलमभर मान खाली घालून माह्या दारात येईन. ते मले पाहावनार नाई."

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. असली तत्त्वं कणीच्या भातासोबत खावीत, असं मी मनात म्हटलं. मोबाइल मात्र ओढणीखाली लपवला.

त्याच आठवड्यात गावात तळं काढायचं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळं गाव एका दिवशी जाळी टाकतं. निघालेले मासे बांधावर मांडून घरटी एक असे साधारण सारखे ढीग करतात. घरापुरते मासे काढून ते तिथल्या तिथे व्यापाऱ्याला विकले जातात. कुठला ढीग कुणाचा हे ठरवायची आमची जुनी रीत आहे. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका ढिगाला काठी टेकवून "हा कोनाचा?" विचारतो, आणि पाठमोरा माणूस मनात येईल ते नाव घेतो. ते सोसायटीच्या वहीत लिहितात आणि एकदा निघालेलं नाव बदलत नाही. पाठमोरं उभं राहायचा मान फुफाजींचा आणि काठीचा डोमाजींचा, कारण दोघांचं संगनमत होईल अशी भीती कुणालाच नव्हती. एका वर्षी फुफाजींनी सगळ्यात भरलेला ढीग डोमाजींच्या नावे आणि सगळ्यात फुसका स्वतःच्या नावे पुकारला होता. आत्या महिनाभर धड बोलली नाही, पण नाव बदललं नाही.

त्या दिवशी डोमाजींनी गावासमोर विषय काढला, की पोरगी गावची आहे, तिच्या नावाचा एक ढीग जास्तीचा घाला, हप्त्याला होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. फुफाजी अध्यक्ष म्हणून उठले आणि फुकटचा ढीग या तळ्यावर कुणाला मिळाला नाही, मिळणारही नाही, असं सांगून आपलं काट्याचं वाक्य म्हणाले. मी बांधावर मान खाली घालून उभी होते. डोमाजी शांतपणे म्हणाले,

"अध्यक्षसाहेब, त्या लग्नात खोकलले तुमी. पन धपाटा माहा होता."

सगळा बांध हसला. फुफाजी हसले नाहीत. त्यांनी तळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या इस्त्रीच्या पंजाबी ड्रेसकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "उतरली तं ढीग."

मी उतरले. पेशंटला न दुखवता सुई टोचणारी मी, चिखलात तीनदा पडले, जाळ्याचं टोक दोनदा सोडलं, आणि जवळच्या बायांनी मला हसत हसत काखेत धरून ओढलं. मोबाइल पाण्यात गेला तो तिथेच. दुपारी ढीग मांडले गेले, घरांचे तितके आणि माझा एक. फुफाजी पाठमोरे उभे राहिले. तिसऱ्या-चौथ्यालाच त्यांनी "ब्रह्मपुरीवाली" म्हटलं, म्हणजे मी. नावं संपत आली. स्वतःचं नाव ते नेहमी शेवटी घेत. डोमाजींनी शेवटच्या ढिगाला काठी लावली. "हा कोनाचा?"

"ब्रह्मपुरीवाली," फुफाजी म्हणाले.

कुणीतरी ओरडलं, की तिचं झालं, तुमचं राहिलं. फुफाजी वळले, ढिगाकडे बघून कपाळाला हात लावला आणि गलती झाली म्हणाले. पण निघालेलं नाव बदलत नाही. चाळीस वर्षांत ज्याचं एक नाव चुकलं नाही, तो माणूस स्वतःचंच नाव विसरला होता. हे त्यांनी पुढे कधीच कबूल केलं नाही. विचारलं की म्हणत, वय झालं, ऊन लागलं होतं. त्या दोन ढिगांत माझे दोन हप्ते निघाले आणि तिसऱ्यासाठी मी दोन महिने जास्तीच्या पाळ्या केल्या.

संध्याकाळी अध्यक्षांच्या चुलीवर मासा नाही ही बातमी गावात फिरली आणि घरटी एक मासा आत्याच्या घमेल्यात येऊन पडू लागला. फुफाजी दारात उभे राहून परत पाठवायला बघत होते, तर आत्याने त्यांना सरळ परसात पाठवलं. ते मासे त्यांनी खाल्ले. पण त्या पावसाळ्यात गावातलं एकही जाळं फाटकं राहिलं नाही. कुणी सांगो न सांगो, ज्याचं दिसेल त्याचं फुफाजी सुई-दोरा घेऊन शिवत बसायचे.

काही वर्षांनी कर्ज फिटलं. बँकेचं पत्र त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि पुढच्या महिन्यात सवयीने पुन्हा बँकेच्या बाकावर जाऊन बसले.

अलीकडे मी तळं काढायला गेले होते. फुफाजींचे गुडघे गेलेत, ते बांधावर खुर्चीत बसून होते, म्हणून पाठमोरं उभं राहायला मला सांगितलं. मी दिवसभर पाण्यात होते, आता फार पडत नाही. नावं घेता घेता मी फुफाजींचं नाव घेतलं. मागून लगेच त्यांचा आवाज आला, की मी पाण्यात उतरलो नाही, मला ढीग नाही. डोमाजी म्हणाले, निघालेलं नाव बदलत नाही, नियम तुमचाच. मग खुर्ची सरकली, चपला काढल्याचा आवाज आला, कुणीतरी धरायला धावलं असावं, कारण "सोड, मी जातो," असं ऐकू आलं. आणि मग सावकाश, एकामागून एक, दोन पाय पाण्यात पडले.

"उतरलो," ते म्हणाले. "आता लिवा."

पुढचा ढीग कुणाचा म्हणून डोमाजी मला विचारत होते. पाठमोरी होते म्हणून बरं, माझा चेहरा कुणाला दिसला नाही.