ब्रियेगच्या झऱ्याची बोलणी

शेफिकाच्या नोकरीला काय म्हणायचं हे ब्रियेगमध्ये कुणालाच धड ठाऊक नव्हतं. संस्थेच्या कागदांवर ती 'मध्यस्थ' होती. सासू जिवंत होती तोवर शेजारणींना सांगायची, "आमची सून लोकांच्या घरी जाऊन कॉफी पिते आणि वर त्याचा पगार घेते." यात खोटं काहीच नव्हतं.

त्याआधी ती नदीकाठच्या कापड गिरणीत होती. वरच्या ब्रियेगच्या ख्रिस्ती क्रोएट बायका आणि खालच्या ब्रियेगच्या मुसलमान बायका तिथं एकाच पाळीत मागांवर उभ्या असायच्या. एकीचं पोर आजारी पडलं तर दुसरी तिचा माग सांभाळायची. मग युद्ध आलं आणि वरचं गाव नि खालचं गाव एकमेकांवर बंदुका रोखून बसलं. ते संपलं तेव्हा गिरणीच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या. शेफिकाचा नवरा जिवानिशी परत आला, पण छातीत खोकला घेऊन आला आणि त्यातच गेला. पुढे यासेन्का नावाच्या एका शिकलेल्या बाईनं अशा दुभंगलेल्या गावांची भांडणं मिटवायला तालुक्याला संस्था काढली. दोन्ही गावांत जिच्यासाठी दार उघडेल अशी कुणीतरी तिला हवी होती. शेफिका खालच्या गावची, पण तिचं नाव सुचवलं ते वरच्या बायकांनी.

संस्थेची बैठक भरायची ती स्टेशनात. गाडी थांबणं कधीच बंद झालं होतं, आणि ते ना वरच्यांचं होतं ना खालच्यांचं. तिथं शेफिकानं कुंपणाची भांडणं मिटवली, कबरस्तानाच्या वाटेचं भांडण मिटवलं, एका गाईवरून पेटलेलं तर हसत हसत मिटवलं. झऱ्याचं मात्र मिटत नव्हतं.

ब्रियेगचा झरा वरच्या गावाच्याही वर, रानात आहे. पूर्वी एकाच पाइपानं दोन्ही गावांना पाणी यायचं. युद्धात पाइप फुटला. नंतर वरच्यांनी तो आपल्यापुरता जोडून घेतला आणि खालच्यांच्या नशिबी उन्हाळाभर टँकर आला. तेव्हापासून दोन्ही गावं एकमेकांना पाण्यात पाहत होती. वरच्यांच्या बाजूनं पाण्याचं सगळं अंतो बघायचा. तो पूर्वी गिरणीत फिटर होता, शेफिकाच्याच पाळीतला. खालच्यांच्या बाजूनं हिल्मिया बोलायचा. तो गवंडी, वयानं थोर, तोंडाचा फटकळ. युद्धात हे दोघं त्याच झऱ्यापाशी समोरासमोरच्या खंदकांत होते. अंतोचा भाचा स्तिपो तिथंच पडला. तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. गोळी कुणाची हे कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणून ती सगळ्यांचीच होती.

दोन वर्षं शेफिका या दोघांच्या स्वयंपाकघरांत बसली. अंतोकडे ती प्लमच्या दारूला हात लावायची नाही, म्हणून तो तिच्यासाठी फुलांचं सरबत करून ठेवू लागला. हिल्मियाकडे कॉफीवर कॉफी आणि शिव्या ऐकायच्या. एका वसंतात दोघं स्टेशनात यायला तयार झाले. शेफिकाची अट एकच होती: युद्धाबद्दल अवाक्षर नाही, बोलायचं ते पाइपाबद्दल. पहिल्या बैठकीत दोघं खिडकीकडे तोंड करून बसले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाइप किती जाड हवा यावर वाद घालता घालता हिल्मिया म्हणाला, "गवंड्याला पाणी शिकवतोस होय रे? तुझ्या बापाच्या घराचा पाया मी घातलाय."

"म्हणूनच ते कललंय," अंतो म्हणाला.

दोघांपैकी हसलं कुणी नाही. पण त्या दिवशी दोघं स्टेशनाच्या पायऱ्यांवर एकत्र सिगारेट ओढत उभे राहिले. शेफिका आतून बघत होती. ती यासेन्काला म्हणाली, आता यांना हात लावायचा नाही, हूं की चूं करायचं नाही. पानगळीच्या आत दोन्ही गावं मिळून चर खणतील.

घोडं अडलं ते पैशापाशी. संस्थेला पैसा यायचा तो परदेशातून, तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांनी, आणि यासेन्काचं निम्मं आयुष्य त्यासाठी अहवाल लिहिण्यात जायचं. आताचा तुकडा संपत आला होता. दुसरीकडे नवी युद्धं पेटली होती, पैसा तिकडे वळला होता. यासेन्कानं तिला समोर बसवून समजावलं.

"आपलं युद्ध जुनं झालंय, शेफिका. लोकांना ताजं लागतं."

"भांडण तर ताजंच आहे की."

"ते त्यांना दिसायला हवं. पुढच्या आठवड्यात देणगीदारांकडच्या एक बाई येतायत. त्यांना काहीतरी झालेलं दाखवावं लागेल."

पाहुणी बैठकीच्या दिवशीच स्टेशनात आली, अंतो आणि हिल्मिया तिथं होते तेव्हा. चांगली बाई होती. तिनं शेफिकानं केलेला पालक भरलेला पापुद्र्यांचा पिटा मागून मागून खाल्ला, प्रश्नही मन लावून विचारले. जाताना तिनं दुभाष्याकडून विचारलं, या दोघांचा हस्तांदोलन करतानाचा एक फोटो मिळेल का? तिच्या हापिसातल्या साहेबांना पटवायला तेवढा बास आहे, नाहीतर तिच्या शब्दाला तिथं वजन नाही.

यासेन्कानं शेफिकाकडे बघितलं. नको म्हणावं असं शेफिकाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण फोटो नाही तर पैसा नाही, पैसा नाही तर पाइप नाही, आणि पाइप नसेल तर हे दोघं कशाच्या निमित्तानं भेटणार होते? तीच उठून अंतोपाशी गेली.

"हे कशाला?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"पाइपासाठी."

"गावात जायला नको हे."

"नाही जाणार. लांबच्या हापिसात जाईल."

तिला खरंच तसं वाटत होतं. अंतोनं हात पुढे केला, हिल्मियानं तो धरला, आणि पाहुणीनं फोटो काढला.

महिनाभरात तो देणगीदारांच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकला. खाली लिहिलं होतं, काल शत्रू, आज मित्र. वरच्या ब्रियेगचा कुणीतरी जर्मनीत कामाला होता, त्यानं तो पाहिला. दुसऱ्या दिवशी तो वरच्या गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर होता. अंतोच्या बहिणीनं, मान्दानं, तो पाहिला. स्तिपो तिचा एकुलता एक होता. तिनं भांडण काढलं नाही. भाऊ रविवारी चर्चमध्ये शेजारी येऊन बसला तशी ती उठली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

शेफिका चढ चढून अंतोकडे गेली. त्यानं दार उघडलं, पण तिला आत घेतलं नाही.

"तू म्हणाली होतीस, गावात जाणार नाही."

"मला वाटलं होतं तसं."

"तुझ्यावर राग नाही माझा. पण माझी बहीण एकच आहे."

त्यानं तिला फाटकापर्यंत सोडलं, एवढी माणुसकी ठेवली. पुढच्या बैठकीला हिल्मिया एकटाच आला, दुपारपर्यंत बसला आणि निघून गेला. पैसाही आला नाही. पाहुणीनं फोनवर मनापासून माफी मागितली. तिनं प्रयत्न केला होता, पण तिच्याच खात्याला कात्री लागली होती. यासेन्का बरेच दिवस दारं ठोठावत हिंडली आणि शेवटी राजधानीत शिक्षिकेच्या नोकरीवर गेली. जाताना ती शेफिकाच्या गळ्यात पडून रडली. शेफिका तिची पाठ थोपटत राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतरही ती जात राहिली, बिनपगारी. वर जायची तर बायका बोलायच्या, पण अंगणात. मान्दाकडे ती एकदाच गेली. मान्दानं कॉफी ठेवली, समोर बसली, आणि दोघी गिरणीतल्या कुठल्या कुठल्या बायकांबद्दल बोलल्या. उठताना शेफिकानं विषय काढला तेव्हा मान्दा म्हणाली, "तुझं चुकलं नाही, त्याचंही नाही. पण मला तो हात बघवत नाही. यावर तुझ्याकडे काही उपाय आहे का?" शेफिकानं आपला रिकामा कप विसळून ठेवला. पदर पसरावा तर कुणापुढे, हे तिला कळेना.

मग निवडणुका आल्या. वरच्यांच्या पक्षानं वरच्या गावाला नवी टाकी बांधून दिली. खालच्यांच्या पक्षानं मागे राहायला नको म्हणून नदीकाठी बोअर मारून पंप बसवला. दोन्हीकडे फिती कापल्या, दोन्हीकडे कोकरू भाजलं. तीस वर्षांत झालं नव्हतं ते एका उन्हाळ्यात झालं, आणि त्यासाठी कुणाला कुणाशी बोलावं लागलं नाही.

शेफिका हिल्मियाकडे गेली तेव्हा तो बागेला पाणी देत होता. टोमॅटो लाल झाले होते.

"पाणी आलं, बाई," तो म्हणाला. "आता तोंड का पाडलंयस?"

"अंतोशी बोललास का कधी, दादा?"

"आता कशाबद्दल बोलू?" त्यानं खरंच विचारलं. तिनं काहीतरी सुचवावं असं त्याला वाटत असावं, कारण नळीचं पाणी वाफ्याबाहेर वाहू लागलं तरी तो तिच्याकडेच बघत होता.

शेफिकानं टोमॅटोंची चौकशी केली आणि घरी आली. आता ती खालच्या गावात भाचीच्या बेकरीत बसते. सकाळी ब्रेडला गर्दी असते, आणि ती सगळ्यांशी बोलते. वरचं कुणी तिथं येत नाही. वरच्यांची बेकरी वर आहे.