माझ्या नावानं आक्कानं टोचून घेतलं

आक्का आज सकाळी गेली, आणि मी जवळजवळ ऐंशी वर्षं एक खोटं पोटात ठेवून बसलेय.

नातीनं हातात टॅब दिलाय. म्हणते, "आजी, शॉर्टमध्ये लिही." बघू.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. बाबा सुतार. त्यांना आफ्रिकेत, मोंबासाला काम लागलं. आम्ही मुरबाडजवळच्या खेड्यात राहायचो. आक्का दहा वर्षांची, मी सातची, भाऊ तान्हा.

आमचं पॅकिंग म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि आई-बाबांचं भांडण.

आईला पाटा-वरवंटा न्यायचाच होता.

"आफ्रिकेत दगड नायत का गो?" बाबा.

"असतील. त्यांवर माजा हात बसायला पायजे ना!"

पाटा आत गेला. बाबांचे दोन सदरे बाहेर आले.

बोटीवर चढायचं तर प्रत्येकाचा देवीची लस टोचल्याचा कागद लागायचा. बाबांचं आधीच झालं होतं. आई, आक्का आणि भाऊ मुरबाडच्या दवाखान्यात टोचून आले. मी सुई बघितली आणि जी धूम ठोकली, ती थेट कुणाच्या तरी गवताच्या गाडीखाली.

दुसऱ्या दिवशी आईनं मला आक्काबरोबर पुन्हा पाठवलं. वाटेत मी बांधावर बसकण मारली.

"चल गो."

"नाय."

"मंग बोटीत नाय घेनार तुला."

मी भोकाड पसरलं.

आक्का माझ्या शेजारी बांधावर टेकली. मग म्हणाली, "गप. मी देते तुज्या नावानं. तू हितंच बस."

आणि गेली की! गर्दीत दुसरा हात पुढे केला, माझं नाव सांगितलं.

टोचणारा म्हणाला, "सात वर्षांची? काय खातेस ग?"

"नागलीची भाकर."

तो हसला आणि कागद लिहून दिला. हे मला आक्कानंच नंतर सांगितलं, स्वतःवर भलतीच खूश होऊन.

घरी येण्याआधी तिनं माझ्या दंडाला फडकं बांधलं.

आता तुम्ही म्हणाल, आईला कळलं कसं नाही? तर आईच्या लेखी टोचणं म्हणजे देवी घरात आली. आठ दिवस फोडणी बंद, दाराला कडुनिंब, आणि फडकं सोडून कुणी बघायचं नाही, देवी कोपते.

कुणी बघितलं नाही.

आक्काचे मात्र दोन्ही हात सुजले. ताप आला. एक हात बाहीत लपवून ती आईला बोचकी उचलून देत होती.

"दुखतंय?" मी हळूच विचारायचे.

"नाय."

मग बैलगाडीनं निरोपाचा दौरा. प्रत्येक नातेवाइकाकडे एक जेवण आणि एक बोचकं. पापड, चिंच, सुकट. बाबा वैतागून म्हणाले, "आपन बोटीनं चाल्लोय का बाजाराला?" शेवटचा मुक्काम सापगावला, मामाकडे. तिथून आसनगावला जाऊन आगगाडीनं मामाही आमच्यासोबत मुंबईच्या बंदरावर आला.

तिथे डॉक्टर एकेकाची बाही वर करून बघत होता.

माझ्या हातात कागद. दंडावर काही नाही. दुसऱ्या दंडावरही नाही.

आक्कानं आपल्या दोन्ही बाह्या वर केल्या. "डाक्टर, हिची खूण माज्या हातावर हाय."

डॉक्टरला हसू आलं. पण मान नाहीच हलवली त्यानं. आता टोचलं तरी काही दिवस थांबावं लागणार, आणि बोट त्याच दुपारी सुटणार. बाबांचं काम थांबणार नव्हतं. ठरलं, मला मामा परत नेणार.

आईनं आक्काच्या फाडकन मुस्काटात मारली. "कुनी सांगितला हा शानपना?"

आक्कानं माझ्याकडे बघितलं.

मी समुद्राकडे बघितलं.

"मीच," आक्का म्हणाली. "ही येत होती. मीच नको बोलली."

मी गप्प बसले. सात वर्षांची होते, हे खरं. पण नंतर सत्तरची झाले तेव्हाही गप्पच होते.

मामाचं धोतर धरून मी रडत होते, तर आक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मी पन ऱ्हाते. हिला माज्याबिगर झोप नाय येत."

"अगो, तुजं कपडं ट्रंकेत, ट्रंक बोटीत!" बाबा.

"जाऊ दे."

बोट गेली. आईचा पदर डोळ्यांना लावलेला होता, तो दिसेनासा होईपर्यंत तसाच.

आठ महिने आम्ही सापगावला होतो. आक्का मामीच्या जुन्या लुगड्याची परकर-पोलकी घालायची. मला टोचलं तेव्हा तिनं मला घट्ट धरलं होतं. मग मामाच्या ओळखीचं एक कुटुंब मोंबासाला निघालं, त्यांच्यासोबत आम्ही गेलो.

आई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायची, "आमची मोठी अतिशानी. तिच्यापायी पोरी मागं ऱ्हायल्या."

आक्का हसून चहा ओतायची. मी बिस्कीट खायचे.

गेल्या वर्षी मी तिला म्हटलं, "आक्का, सगळ्यांना खरं सांगून टाकते."

"कशाला गो? आता मला मारनारं ऱ्हायलंय कोन?"

म्हणून आज सांगते. पळाले मी होते. मार तिनं खाल्ला. आई, ऐकतेयस ना? मी होते.

आक्का, आज पहिल्यांदाच तू मला मागे ठेवून गेलीस.

रागावले नाहीये गो. रडतेय फक्त.

नीट जा.

तुझी धाकटी