गोड्या पाण्याचा चुना

गोदूबाईला राग यायला फारसं काही लागत नाही, असं भाईंदरच्या कोळीवाड्यात सगळेच म्हणत. पण सत्तर सालच्या शिमग्यात तिला आलेला राग वेगळा होता. तो उतरायचं नावच घेईना.

तिच्या घरामागे एक खोली होती. नवऱ्याने, नाथाने, मासेमारीतून सवड काढून स्वतःच्या हाताने बांधलेली. कौलं चढली आणि त्याच वर्षी तो गेला. खोली रिकामी राहिली. जागा दोघा भावांची सामायिक, म्हणून धाकटा दीर बाळाराम पंचांकडे गेला. माझी जाळी ठेवायला खोली द्या, म्हणाला. पंचांनी ठरवून टाकलं, "पाडव्यापर्यंत गोदूने भाडेकरू आणला तर खोली तिची. न्हायतर बाळारामाची जाळी."

मुंबईत जागा मिळत नाही म्हणून माणसं तेव्हा भाईंदरला खोल्या बघत फिरत. पण खोली बघायला आलेल्या पहिल्या बाईने नाकाला पदर लावला आणि ती दारातूनच परतली. अंगणात बोंबील वाळत होते. गोदूबाईने दात ओठ खाल्ले. मग वाळवणाच्या काठ्या उपटल्या आणि पार खाडीच्या अंगाला नेऊन रोवल्या. खोली झाडली, जमीन सारवली, कोनाड्यातली काजळी खरवडली. आता भिंतींना चुना तेवढा द्यायचा राहिला.

कोळीवाड्यातल्या पोरालाही कळतं, की चुना गोड्या पाण्यात कालवायचा. अंगणातल्या विहिरीचं पाणी मचूळ, खाडीचं मीठ उतरलेलं. गोडं पाणी फक्त देवळाजवळच्या विहिरीला. तिथे रांगेत उभं राहून गोदूबाईने दोन दिवसांत आठ हंडे डोक्यावरून आणले, पिंपात भरले, वर झाकण ठेवलं आणि एकवीरा आईचं नाव घेतलं.

तिसऱ्या दिवशी ती मासळी विकून बाजारातून आली, तर खोली पांढरी झालेली! बाळाराम हातावरचा चुना झाडत उभा.

"बघा वैनी, तुमचं काम करून टाकलं."

तिने आधी पिंपाचं झाकण उचललं. पिंप कोरडं ठणठणीत.

"पाणी कुठे गेलं?"

"पोरांनी रंग खेळले ना, आंघोळी केल्या. गोड्या पान्याने रंग लवकर सुटतो."

"आणि चुना कशात कालवलास?"

"हिरीच्या पान्यात. भिंतीला कशाला गोडं पानी? भिंत काय पितेय?"

गोदूबाईने जे तोंड सोडलं ते तीन घरांपलीकडे ऐकू गेलं. बाळाराम हसतच निघून गेला. त्याने हे आळसाने केलं की मुद्दाम, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मुद्दाम, असंच ती धरून चालली.

चार दिवसांत भिंतींना घाम फुटला. कोपऱ्यांत मिठाची फुलं आली, चुन्याचे पोपडे सुटले. एका कारकुनाने भिंतीला हात लावला, बाही बघितली आणि "ओल आहे" म्हणून चालता झाला. पाडव्याला तीन दिवस उरले. शेजारची मंदा म्हणाली, "पोपड्यांवर देवांच्या तसबिरी लाव, उदबत्ती पेटव. कुणाला कळतंय?"

"देवाला माझी लबाडी झाकायला उभा करू?" गोदूबाई तिच्यावरही खेकसली.

त्याच दुपारी रत्नागिरीकडची सुगंधा आली. नवरा मुंबईत गिरणीत, कडेवर पोर. ती काही विचारायच्या आतच गोदूबाई तडकली, "आधीच सांगते. भिंती खारवल्यात. खाऱ्या पाण्याचा चुना आहे. दिराची करणी. जायचं तर जा."

सुगंधाने भिंतीवर बोट फिरवलं आणि चक्क जिभेला लावलं. "खारटच आहे हो. आमच्याकडे एकदा सासऱ्यांनी असंच केलं होतं. सगळं खरवडून काढावं लागतं, मावशी. खरवडणी आहे का दुसरी?"

"इथे मासळीचा वास येतो," गोदूबाई अजून रागातच.

"मग? बोंबील कुठे वाळवता ते आधी दाखवा."

दोघींनी त्याच दिवशी भिंती विटांपर्यंत खरवडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गोदूबाई रिकामे हंडे घेऊन बाळारामच्या दारात उभी राहिली. "माझे आठ हंडे भरून दे. न्हायतर पंचांसमोर तुझ्या पोरांच्या आंघोळी काढते." बायकांच्या रांगेत, डोक्यावर चुंबळ घेऊन, बाळारामने पाणी वाहिलं. गाव बघत होतं. त्याच पाण्यात दोघींनी नवा चुना कालवला आणि भिंतींना दिला.

पाडव्याला सुगंधाच्या दारात गुढी उभी राहिली. भिंती खडखडीत कोरड्या. पंच बघून गेले, मान डोलावून गेले. गोदूबाईने नाथाच्या तसबिरीला हार घातला, कडुलिंब वाटला आणि घरोघर प्रसाद धाडला. बाळारामच्या घरीही धाडला. देवाचं काम, चुकवायचं नसतं.

फक्त त्याच्या वाटीतला गूळ तिने काढून ठेवला.