समुद्रावरून पाहिलेला किनारा

२० जून २०१७ रोजी सिंगापूर ते अथेन्स ही स्कूट या विमान कंपनीची थेट सेवा सुरू झाली. ही तारीख त्या वेळच्या वर्तमानपत्रांत सापडते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सिंगापुरातल्या वुडलँड्सला राहणारे मरीन इंजिनीअर श्रीराम तोरसकर, त्यांच्या पत्नी प्रेमा आणि मुलगी किमया या विमानाने ग्रीसला गेले. हा तपशील मात्र तिघांच्या सांगण्यावर आणि किमयाच्या फोनमधल्या फोटोंवर आधारलेला आहे.

प्रवासाचे कारण एक पत्र होते. प्रेमाताईंनी ते प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवले आहे. त्यावर २२ ऑगस्ट १९९३ अशी तारीख असून शाई फिकट झाली असली तरी मजकूर पूर्ण वाचता येतो. किमया तेव्हा सव्वा महिन्याची होती आणि तिचे बारसे देवगडला वडिलांविना पार पडले होते. श्रीराम त्या वेळी एका मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनीअर होते. ग्रीसच्या सिरोस बेटावरच्या डॉकमध्ये जागा मिळेपर्यंत जहाज बेटाच्या पश्चिमेला नांगर टाकून थांबले होते. पत्रात ते लिहितात, ‘आज एका किनाऱ्यावर पोहलो. सुरूची तीन झाडं आहेत, डाव्या टोकाला पांढरं देऊळ आहे. बारशाला नव्हतो, पण तुम्हा दोघींना इथे आणीन.’ खाली पेन्सिलीने काढलेले छोटे रेखाचित्रही आहे.

त्यानंतर सहा वर्षे श्रीराम बोटीवरच होते. १९९९मध्ये त्यांनी सिंगापूरच्या एका कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी धरली. दुसऱ्यांची जहाजे तपासणे हे त्यांचे काम. ते बेट त्यांनी पुन्हा पाहिले नाही.

अथेन्सच्या पिरेउस बंदरातून सिरोसला जाणाऱ्या फेरीबोटीत ते तासभर एकाच जागी कान देऊन उभे राहिले.

“उजवं इंजिन जरा जड चालतंय,” ते म्हणाले.

“अहो, सुट्टी आहे ना तुमची? आणि तुमच्या हातात पाना दिसला तर मी इथूनच परत फिरेन,” प्रेमाताई म्हणाल्या.

बेटाने पहिल्या दिवशी तिघांनाही खूश केले. एर्मूपोली हे बंदराचे गाव संगमरवरी फरशांचे, दोन टेकड्यांवर चढत गेलेले. किमयाने पायऱ्यांवरच्या मांजरांचे एकेचाळीस फोटो काढले. प्रेमाताईंनी लुकूमी या तिथल्या मिठाईचा गुलाबी तुकडा तोंडात टाकला आणि माहीमच्या हलव्याची आठवण काढत दोन खोके घेतले. दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. बस जाईल त्या किनाऱ्यावर ते उतरत. समुद्राकडे तोंड करून श्रीराम डावीकडे बघत, मान हलवत आणि पुढची बस विचारत. पाणी एवढे नितळ होते की कमरेपर्यंत गेल्यावरही प्रेमाताईंना स्वतःच्या पायाची नखे दिसत होती. पण सुरूचे एकही झाड कुठे नव्हते. वाळूवर वाकलेली, बारीक पानांची झाडे होती ती झाऊची. हे किमयाने फोनवर शोधून सांगितले.

“बाबा, सुरू कुठाय? यू शुअर ऑर नॉट?”

“मी इंजिनीअर आहे. झाडाला नावाची पट्टी नव्हती.”

तिसऱ्या दिवशी दुपारी किनी नावाच्या छोट्या कोळीगावात ते जेवायला बसले. बसने जाता येईल असे किनारे आता संपले होते. प्रेमाताईंनी पत्र टेबलावर ठेवले.

“एक विचारू? बारशाला येता आलं नाही, मन खात होतं, म्हणून ही गोष्ट रचलीत ना? सांगून टाका. चोवीस वर्षांनी मी काय रागावणार?”

श्रीराम यांनी पत्रावर बोट ठेवले. मग म्हणाले, “अगं, मी खोटं लिहिलं नाही.”

“अय्यो मम्मी, ही’ज गोइंग टू क्राय लाह,” किमया म्हणाली. कुणी हसले नाही.

प्रेमाताईंनी रेखाचित्र पुन्हा पाहिले. झाडांच्या मागे डोंगर होता आणि पुढे पाणी. “त्या दिवशी तुम्ही गेलात कशात बसून?”

“लाइफबोटीत. दर तीन महिन्यांनी ती पाण्यात उतरवून चालवून बघायची असते. तिचं इंजिन माझ्याकडे होतं. चाचणी लांबवली जरा.”

“म्हणजे रस्त्यानं तुम्ही इथे कधी आलाच नाहीत. तुमचं तोंड डोंगराकडे होतं. मग तुमचं डावं ते आमचं उजवं नाही का? आणि तीन दिवस आम्हाला बसमधून काय फिरवताय?”

बोटीवर आयुष्य घालवलेला माणूस बेट फक्त समुद्राच्या बाजूने ओळखतो, ही गोष्ट त्या बोटवाल्याच्याच ध्यानात आली नव्हती. त्यांनी कपाळावर हात मारला आणि पहिल्यांदा मोठ्याने हसले.

किनीतल्या एका म्हाताऱ्या नाववाल्याने त्यांना उत्तरेकडे नेले. त्या बाजूला रस्ता नाही. नुसते उघडे डोंगर, आणि वाऱ्याबरोबर येणारा रानओव्याचा वास. समुद्रात घुसलेले डोंगराचे दुसरे टोक ओलांडताच श्रीराम उभे राहिले. नाव डगमगली आणि नाववाल्याने ग्रीकमध्ये काहीतरी खडसावले. समोर अरुंद वाळू होती, झाऊची दोन झाडे होती आणि डाव्या टोकाला खडकावर पांढरे चॅपल होते.

“हेच,” ते म्हणाले.

प्रेमाताई साडीचा हट्ट सोडून पँट घालून आल्या होत्या. ती गुडघ्यापर्यंत दुमडून त्या पाण्यात उतरल्या. श्रीराम पोहत बरेच आत गेले आणि तिथून हाका मारत राहिले. संध्याकाळपर्यंत तिघे तिथे होते. परतताना प्रेमाताई एवढेच म्हणाल्या, “पत्र खरं होतं. माझ्यापुरतं झालं.” त्यांच्या आवाजात समाधान होते, असे बाप-लेक दोघेही सांगतात.

नोंद म्हणून मात्र इतक्यावर थांबता येत नाही. श्रीराम यांच्या सीडीसीत, म्हणजे दर्यावर्दीच्या नोकरीच्या अधिकृत पुस्तिकेत, १९९३चे जहाज आणि चढण्या-उतरण्याची बंदरे आहेत. लाइफबोटीचा उल्लेख तीत नाही, तसा तो असतही नाही. जहाजाची कंपनी बंद झाली आहे. तिची लॉगबुके कुठे गेली, हे विचारूनही कळले नाही. चित्रात झाडे तीन आहेत, किनाऱ्यावर दोन होती. त्या बाजूला समुद्रावरून अशाच दिसणाऱ्या आणखी दोन वाळूच्या पट्ट्या आहेत, असे नाववाल्याने किमयाला सांगितले होते. तिने ते आई-वडिलांना कळवलेले नव्हते. आता त्यांना ठाऊक आहे. २२ ऑगस्ट १९९३ रोजी श्रीराम तोरसकर नेमके कोणत्या किनाऱ्यावर पोहले, हे अद्याप माहीत नाही.